आमच्या धक्क्यावरचा सिनेमा

क्लेट्टाविक, १२ जानेवारी २००३

प्रिय लोआमावशी,

चौदा महिने तुला पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमा कर. कारणं मी जुळवून ठेवली होती. ग्रंथालयाचं छत गळत होतं, माझी पाठ दुखत होती. पण कागदावर उतरवल्यावर त्यातलं एकही खरं वाटेना. खरं एवढंच की तुझ्या गेल्या पत्रात तू विचारलं होतंस, "उन्नुरचे डोळे कसे आहेत?" आणि ते मला लिहायचं नव्हतं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, ही माझ्यासाठी सोयच होती. असं वाटल्याची लाजही वाटते.

तर आता लिहिते. आईचा उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डाव्यातही मधोमध डाग आलाय. समोरच्या माणसाकडे सरळ बघितलं की तिथेच काळोख दिसतो, म्हणून ती सगळ्यांकडे तिरकं बघते. दुकानातल्या लोकांना वाटतं म्हातारी रुसलीय. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत चेहरे ओळखू येणार नाहीत, कदाचित त्याआधीच.

काल जेवताना ती अचानक म्हणाली, "लोआला विचार, तो सिनेमा अजून मिळतो का."

कुठला सिनेमा, हे मी विचारलं नाही. आपल्या धक्क्यावर एकच झाला. ५८च्या उन्हाळ्यात कॅनडाचे लोक आले, हेरिंग मासे खारवणाऱ्या बायकांचं चित्रण करून गेले, आणि त्यात बाबा आहेत असं सगळं गाव सांगतं. गावात मात्र तो कुणीच पाहिलेला नाही. तो इकडे कधी आलाच नाही. बाबा बुडाले तेव्हा मी तीन वर्षांची होते. माझ्याकडे त्यांचे दोन फोटो आहेत, आणि दोन्हींत ते उभे आहेत. माझे वडील चालायचे कसे, हे मला माहीत नाही.

ही विनंती आईची आहे की माझी, हे मी स्वतःला तीनदा विचारलं. दोघींचीही आहे.

तुझी ह्रेफ्ना

उद्या: आईच्या औषधाच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहिणे.


विनिपेग, २७ जानेवारी २००३

लाडके ह्रेफ्ना,

पत्राच्या तळाशी "उद्या" लिहायची तुझी खोड अजून गेली नाही. वाचताना वाटतं, मी तुझी रोजनिशी चोरून वाचतेय. बाटल्यांवर नावं लिहिलीस का?

क्षमा वगैरे पुरे. चौदा महिने मीही लिहिलं नाही, आणि मी तर क्षमाही मागत नाहीये.

सिनेमा मिळाला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं कुठल्या तळघरात पडला होता देव जाणे, पण गेल्या वर्षी त्याची डीव्हीडी निघाली. टेप कधी निघालीच नाही, नाहीतर केव्हाच पाठवली असती. या पत्रासोबत पाठवतेय. वेष्टनावर लिहिलंय "नॉर्वेच्या किनाऱ्यावरची प्रेमकथा". हो, नॉर्वेच्या! आपल्या गावाला त्यांनी नाव दुसरं दिलंय आणि देशही दुसरा दिलाय. मागचा डोंगर मात्र आपलाच आहे. तो काही त्यांना बदलता आला नाही.

तुझे बाबा त्यात आहेत. किती आणि कुठे, ते मी सांगणार नाही. तूच बघ. आणि उन्नुरला पुढच्या खुर्चीत बसव.

मावशी


क्लेट्टाविक, ११ फेब्रुवारी २००३

प्रिय मावशी,

डीव्हीडी पोचली. चालत नाही.

टीव्हीवर निळा पडदा आला आणि एक ओळ: ही डीव्हीडी या विभागात चालणार नाही. मला वाटलं चकतीवर ओरखडा असेल. आई म्हणाली, "पुसून बघ." पुसली. तीच ओळ. मग विजेच्या दुकानातल्या क्यार्तनला बोलावलं. त्याने चकती उलटी धरली, सुलटी धरली आणि म्हणाला, "ही बिघडलेली नाही. ही अमेरिकेतली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तिकडच्या डीव्हीडी तिकडच्या यंत्रात आणि इकडच्या इकडच्या. कुलूपच घातलंय म्हण ना."

"पण सिनेमा आमच्या धक्क्यावर काढलाय."

"ते चकतीला काय माहीत, ह्रेफ्ना?"

राजधानीत म्हणे कुठलीही डीव्हीडी चालवणारी यंत्रं मिळतात. त्याने एक मागवलंय, पण घाटरस्ता बर्फाने बंद आहे आणि बोट कधी येईल ते बोटीलाच ठाऊक. मी आईला म्हटलं, विमानाने जाऊ, तिकडेच बघू. आई म्हणाली, "माझ्या नवऱ्याला बघायला मी राजधानीत जायची नाही. तो इथला होता."

शेवटी मार्ग निघाला, आणि तो माझ्याच टेबलावर होता. ग्रंथालयाच्या संगणकात विभाग बदलता येतो. मी आपल्या दोनचा तिकडचा एक केला आणि पडदा उजळला. मावशी, आपला डोंगर दिसला! मी लगेच बंद केलं. बाबांना आईच्या आधी मी बघणं बरोबर नव्हतं. मग यंत्र पालिकेचं आहे म्हणून विभाग पुन्हा दोन करून ठेवला. तेव्हा खाली एक सूचना दिसली: विभाग पाचच वेळा बदलता येतो, त्यानंतर शेवटचा असेल तोच कायमचा. माझे दोन गेले, तीन उरलेत. पुरेसे आहेत.

एका रविवारी सगळ्या गावालाच बोलवावं असं मनात आहे. पण वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलंय की ही डीव्हीडी फक्त उत्तर अमेरिकेत आणि फक्त घरी बघण्यासाठी आहे. मी ग्रंथपाल आहे. बारीक अक्षरं वाचून न वाचल्यासारखं करणं मला जमत नाही. पालिकेच्या एर्लेन्दुरना रीतसर विचारलंय.

तुझी ह्रेफ्ना

उद्या: एर्लेन्दुरच्या उत्तराची वाट न बघता खुर्च्या मोजणे.


विनिपेग, २० फेब्रुवारी २००३

ह्रेफ्ना,

विभाग परत दोन कशाला केलास? झोपलेल्या कुत्र्याला उठवायचं आणि मग थोपटून पुन्हा झोपवायचं, हा काय उद्योग?

डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीची कचेरी माझ्या बसच्या वाटेवरच आहे. गेले. एक गोरागोमटा पोरगा टेबलामागे होता. मी कानातलं यंत्र मोठं केलं आणि त्यालाही मोठ्याने बोलायला लावलं, म्हणजे सगळ्या कचेरीला ऐकू जाईल.

तो म्हणाला, "आजी, जगाचे सहा भाग केलेत. प्रत्येकाला वेगळं कुलूप."

"कुणी केले?"

"कंपन्यांनी."

"मला विचारलं नाही."

"सिनेमा तुमच्या बहिणीच्या विभागात निघाला की त्यांना विकत घेता येईल."

"कधी निघणार?"

त्याने संगणकात बघितलं. "तशी योजना नाही. तिकडे मागणी नाही."

"अरे," मी म्हटलं, "तुझ्या सिनेमात तिकडचं अख्खं गाव फुकट उभं राहिलं. लग्न आमच्या मांडवात लावलंत, आणि जेवायच्या पंगतीतून आम्हालाच उठवता?"

तो बिचारा लाल झाला. आत जाऊन साहेबाला विचारून आला. साहेबाचं म्हणणं, नियम नियम असतो. मी म्हटलं, साहेबाला सांग, ५८च्या उन्हाळ्यात आमच्या धक्क्याला नॉर्वेच्या बोटी लागायच्या आणि स्वीडनचे व्यापारी माल बघायला यायचे. कुठल्याही हेरिंगने कुणाला तिचा विभाग विचारू दिला नाही.

इकडचं यंत्र पाठवलं असतं, पण ते तुमच्या विजेवर जळून जाईल असं तो पोरगाच हळूच म्हणाला. मुळात वाईट नव्हता.

खुर्च्या किती भरल्या?

मावशी


क्लेट्टाविक, २ मार्च २००३

प्रिय मावशी,

खुर्च्या तेवीस. सिनेमा अजून झालेला नाही. जे झालं ते सांगते. रागावू नकोस, कुणाचंही चूक नव्हतं आणि सगळ्यांचंच होतं.

स्नोर्रीकाका तुला आठवतात, बाबांबरोबर बोटीवर असायचे. ते आणि क्यार्तन बुधवारी मी नसताना ग्रंथालयात गेले. किल्ली दुकानातल्या खिळ्यालाच असते. कुलूप कशासाठी असतं हे आपल्या गावात अजून कुणाला कळलेलं नाही. मला मदत करायची म्हणून त्यांनी पालिकेचा मोठा पडदा लावून बघितला, विभाग एक केला, सिनेमा सुरू झाल्याची खात्री करून घेतली. आणि मग, मावशी, जाताना विभाग दोन करून ठेवला.

"का, काका?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"का म्हणजे?" ते गोंधळले. "दुसऱ्याचं यंत्र. घेतलं तसं ठेवावं."

त्यांना काय बोलू? मीही तेच केलं होतं. शेजाऱ्याची नाव घेतली तर ती जशी होती तशीच बांधून ठेवायची, वल्ह्यांची तोंडंसुद्धा त्याच बाजूला. हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. पाचांपैकी चार बदल आम्ही या सभ्यपणापायी घालवले.

क्यार्तनने मागवलेलं यंत्र अजून आलेलं नाही, आणि आता एकच बदल उरला. तो केला की हे यंत्र कायमचं अमेरिकेचं.

त्यात एर्लेन्दुरचं उत्तर आलं. तीन ओळी. विभागनिवड बदलू नये. शाळेच्या सर्व डीव्हीडी विभाग दोनच्या आहेत. सार्वजनिक प्रदर्शनाला परवानगी नाही.

त्यांचं म्हणणं मी नीट तपासून बघितलं. तिसऱ्या ओळीचा मला राग येतो, दुसरीचा नाही. शाळेत अकरा मुलं आहेत. प्राण्यांचे, ज्वालामुखीचे सिनेमे ती माझ्याकडे येऊन बघतात. माझ्या वडिलांना बघायचं म्हणून मी त्यांचं काढून घेऊ का? आणि मनातलं खरं लिहायचं तर अजून एक भीती आहे. आई लहानपणापासून सांगत आली, "तुझ्या बाबांनी आयुष्यात एकही नियम मोडला नाही." शाळेत मी एकदा पेन्सिल पळवली तेव्हा हेच वाक्य. कॉलेजात परीक्षेत शेजारणीची वही दिसत होती तेव्हाही, आई शेकडो मैलांवर असताना, हेच वाक्य. आता नियम मोडून मी त्याच माणसाचं तोंड बघायला जाऊ?

गुरुवारी मुलांनाच विचारलं. वाटलं, ज्यांचं जाणार त्यांना तरी विचारावं. सगळं समजावून सांगितलं. ब्रिन्या नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे, ती म्हणाली, "म्हणजे अमेरिकेतले सिनेमे आपल्याला सगळ्या देशाच्या आधी बघता येतील?" अकरा हात वर गेले. हे मतदान धरावं की नाही, मला ठरवता येत नाही.

काल आईने कॉफी कपाच्या बाहेर ओतली. मला म्हणाली, "कप हलला."

तुझी ह्रेफ्ना

उद्या: ठरवणे.


विनिपेग, १० मार्च २००३

ह्रेफ्ना,

"उद्या: ठरवणे." मावशीला असं पत्र पाठवतात का? पोस्टाला पाच ते आठ दिवस लागतात, आणि तेवढे दिवस मी काय करायचं?

थोडक्यात लिहिते. ६०च्या वसंतात तो सिनेमा इथे लागला. तुझ्या बाबांना, इंग्वारला, बुडून दोन महिने झाले होते. मी एकटी गेले. तो आला, काही सेकंद, आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सात वेळा गेले. तिकिटं फाडणाऱ्याला वाटलं मला नायक आवडतो. उन्नुरला मी तेव्हा कळवलं होतं. तिने एका ओळीचं उत्तर दिलं, "मेलेल्यांना सिनेमा लागत नाही." त्यानंतर आम्ही दोघी त्याच्याबद्दल कधी बोललो नाही. आता तिनेच मागितलाय. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

तुझ्या वडिलांनी नियम मोडले की नाही, हे तू मला विचारू नकोस. त्यांनाच विचार. तू त्यांना भेटायला जाते आहेस ना?

बटण दाब.

मावशी


क्लेट्टाविक, १७ मार्च २००३

प्रिय मावशी,

तुझं पत्र शनिवारी आलं, पण तोवर मी ठरवलं होतं. हे मुद्दाम लिहितेय. दोष किंवा श्रेय, जे असेल ते माझंच असावं.

ठरलं ते कॉफीमुळे. शुक्रवारी आईने पुन्हा कपाबाहेर ओतली. मी पुसायला उठले तर म्हणाली, "राहू दे. कप हललेला नाही, मागच्या वेळीही हलला नव्हता." तिने एवढं कबूल केल्यावर मी कुठल्या तोंडाने वाट बघत बसणार होते?

मी एर्लेन्दुरना पत्र लिहिलं. चोरून करायचं नव्हतं. लिहिलं की रविवारी दुपारी तीन वाजता ग्रंथालयाच्या संगणकाचा विभाग मी शेवटचा बदलणार आहे. क्लेट्टाविकच्या लोकांना क्लेट्टाविक दाखवणार आहे. शाळेसाठी दुसरं यंत्र मी मिळवून देईन, तोवर मुलांना सगळे ज्वालामुखी मी तोंडी सांगेन. खाली पूर्ण नाव आणि हुद्दा. परवानगी असा शब्द त्यात कुठेही नाही. मी दोनदा तपासलं.

तेवीस खुर्च्या कमी पडल्या. लोक मासळीची खोकी घेऊन आले आणि त्यावर बसले. आई सर्वांत पुढे, पडद्यापासून हातभर अंतरावर, खुर्ची आडवी लावून. तिला डोळ्याच्या कडेनेच दिसतं ना. बघणाऱ्याला वाटावं, ही खिडकीकडे तोंड करून बसलीय.

यंत्राने विचारलं: हा बदल अंतिम आहे, पुढे जायचं का? सगळे माझ्याकडे बघत होते. आई म्हणाली, "काय विचारतंय ते?"

"पुढे जायचं का विचारतंय."

"मग सांग त्याला."

मी बटण दाबलं.

सिनेमा भिकार आहे. तू सांगितलं नव्हतंस! नायक तोंडाला पावडर लावून बोटीवर गातो. स्नोर्रीकाका मोठ्याने म्हणाले, "अशा हातांनी याने दोरी धरली तर दोरीलाच लाज वाटेल." पण मधेच आपला धक्का येतो. मग एकेक नाव ऐकू यायला लागलं. "ती बघ शेजारची हल्ला." "ती माझी आजी." "अरे, हे तर जुनं मिठाचं कोठार!" नॉर्वेतलं एक माणूस दिसलं असेल तर शपथ.

तासाभराने स्नोर्रीकाका उठले. "मध्यंतर."

क्यार्तन म्हणाला, "आता बंद नको करायला, काका. पुन्हा सुरू झालं नाही तर?"

"मध्यंतराशिवाय सिनेमा मी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि कुणा कंपनीसाठी आता पाहणार नाही."

मध्यंतर झालं. कॉफी, तळलेल्या गोड क्लेइनुर. पुन्हा सुरू झालं, आणि चार मिनिटांतच बाबा आले.

सगळा धक्का मान खाली घालून काम करतोय. पन्नासेक माणसं, एकजण वर बघत नाही. मागून एक उंच माणूस पिंप ढकलत येतो, डावा पाय किंचित बाहेर टाकत. (मीही तसाच टाकते. चप्पल एका बाजूने झिजते, मला वाटायचं चपलेचा दोष.) मधोमध येऊन थांबतो. पिंपावर हात ठेवतो आणि सरळ, अगदी सरळ आमच्याकडे बघतो. आणि हसतो, मावशी. दात दिसतील असं. फोटोतल्या त्या गंभीर माणसाला असं हसता येतं हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"थांबव," आई म्हणाली.

मी चित्र थांबवलं. बाबा पडद्यावर हसत उभे राहिले. आई खुर्चीतून उठली, मान वळवून, कानशील पडद्याला लावावं तशी त्यांच्याजवळ गेली आणि तिरक्या नजरेने बघत राहिली. किती वेळ, सांगता येणार नाही.

मग स्नोर्रीकाका हसायला लागले. "कर्णा घेऊन तीनदा ओरडला होता तो सिनेमावाला. कॅमेऱ्याकडे कुणीही बघायचं नाही! जो बघेल त्याला धक्क्यावरून काढीन! आम्ही सगळे भ्यालो. इंग्वार म्हणाला—"

"मला माहीत आहे काय म्हणाला," आई म्हणाली. "मी त्याच्या शेजारीच होते. म्हणाला, 'माझ्या धक्क्यावर मी कुठे बघायचं, हे मला सांगणारा हा कोण?'"

खोलीत जो हशा उठला तो मी तुला पत्रातून पाठवू शकत नाही. ब्रिन्या खोक्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी मात्र आईकडे बघत होते.

"आई," मी म्हटलं, "तू सांगायचीस की बाबांनी कधी एकही नियम..."

"हो."

"मग?"

"रचलं होतं मी ते. वडील नाहीत, एकुलती एक पोर, वाटेला लागेल ना लागेल. काहीतरी हवं होतं धाकाला." ती अजून त्यांच्याकडेच, म्हणजे खिडकीकडे, बघत होती. "लागू पडलं. जरा जास्तच."

मला रडू येईल असं वाटलं होतं. राग आला, आणि मग तोही टिकला नाही. चाळीस वर्षं मी ज्या माणसाला घाबरून वागले तो समोर दात काढून हसत होता. जसा काही मलाच बघून.

आईने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. सात वेळा लावला. सातचा आकडा मी तिला सांगितला नव्हता.

आज सकाळी एर्लेन्दुरचं पत्र आलं. झाल्या प्रकाराचा खुलासा लेखी द्यावा, आणि सदर डीव्हीडी ग्रंथालयाच्या संग्रहात ठेवू नये, ती या विभागासाठी नाही. खुलासा तीन ओळींत दिला, त्यांच्याच मापाने. डीव्हीडीबद्दल काही लिहिलं नाही. ती तू गावाला दिली आहेस असं मी धरून चालते. नसेल दिलीस तर लगेच कळव, म्हणजे मला परत पाठवता येणार नाही असं सांगता येईल.

आई तुला स्वतः दोन ओळी लिहिणार आहे. ओळी वाकड्या असतील. तिला म्हटलं, मी लिहून देते, तर म्हणाली, "माझ्या बहिणीला माझं अक्षर कळतं."

तुझी ह्रेफ्ना

उद्या: डीव्हीडीची नोंद करून कपाटात लावणे. "परदेशी चित्रपट"मध्ये नव्हे, "आपलं गाव"मध्ये.